लखू पोहून गेला

दोनशे बाराव्या पानावर आबा फितूर निघाले, आणि सुमितनं पुस्तक उघडंच छातीवर पालथं घातलं. रेस्टचा दिवस होता. दौंडच्या रेल्वे क्वार्टरच्या गॅलरीत ऊन गुडघ्यापर्यंत आलं होतं, खाली कोणीतरी बादली आपटत मोटारसायकल धूत होतं. जरा वेळानं त्यानं पुस्तक पुन्हा उचललं आणि तो एक इंग्रजी शब्द मोबाइलमध्ये घालून बघितला. फितूर. बेइमान. तिसरा अर्थ नव्हता. आता बघा, एकतीस वर्षांचा बाप्या, इंजिनावर लोको पायलट, एका तान्ह्या पोरीचा बाप, आणि कादंबरीतला एक म्हातारा बेइमान निघाला म्हणून याला पुढं वाचवू नये, हे कोणाला सांगायला गेलं तर हसतील. बायको माहेरी होती ते एका अर्थी बरंच झालं, नाहीतर नीलमनं विचारलं असतं की झालं काय, आणि याला सांगता आलं नसतं.

पुस्तक होतं इंग्रजी, सव्वातीनशे पानांचं, आणि एका व्हिडिओ गेमवरून लिहिलेलं. ‘सेव्हन गेट्स’ त्या गेमचं नाव. पुढं त्याचे पाच भाग निघाले, पण सुमितच्या लेखी पहिला तोच खरा. पाचशे वर्षांपूर्वीचं इटलीतलं एक नदीकाठचं शहर, त्याला वेढा पडलेला, शहराला सात वेशी, आणि वेढ्यात ताटातूट झालेले दोन भाऊ, माटेओ आणि लुका. सुमितच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या तोंडी त्यांचे मथू आणि लखू झाले होते. गेमला दादा ‘सात येशी’ म्हणायचा. महिन्यापूर्वी मोबाइलवर त्या कादंबरीची जाहिरात दिसली. मुखपृष्ठावर तीच वेस, तेच लोखंडी खिळे. सुमितनं मागचापुढचा विचार न करता पुस्तक मागवलं. मागवलं ते मागवलं, वर राजश्रीवहिनीला फोनवर सांगूनही बसला. तिथंच चुकलं. वहिनी म्हणाली, “त्येंची गोष्ट छापून आली म्हणायची. पुण्यानुमोदनाला येताना घिऊन या भावजी. आत्याला बी ऐकायचीय. मला शेवट धड आठवत न्हाई.” आत्या म्हणजे तिची सासू, सुमितची आई. दादाला जाऊन येत्या रविवारी वर्ष होत होतं. नाही कसं म्हणणार?

शिरूरच्या एसटी स्टँडमागं वीस वर्षांपूर्वी एक गेम पार्लर होतं. शटर अर्धं खाली ओढलेलं, आत चार टीव्ही, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि ओल्या फरशीचा वास. बाजाराच्या दिवशी आई निमोण्याहून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन यायची आणि दुपारी गिऱ्हाईक पांगलं की दोघा भावांना तासभर मोकळं सोडायची. दादा, म्हणजे रविराज, सोळाचा आणि सुमित अकराचा. रिमोट सुमितच्या हातात आणि तोंड दादाचं, अशी वाटणी ठरलेली. पडद्यावर माणसं इंग्रजीत बोलत, खाली अक्षरं उमटत, आणि दादा ती वाचून मराठीत सांगे. लखू काय म्हणाला, मथू का रागावला, सावकाराच्या पोरीनं किल्ली कुठं लपवली, सगळं. वर्गात इंग्रजीचा तास आला की हाच दादा मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचा, आणि नववी संपताच त्यानं शाळेला रामराम ठोकला होता, हे सुमितला ठाऊक होतं. पण त्याचा आणि या वाचण्याचा काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. एकदाच त्यानं विचारलं होतं. पडद्यावरचा शिपाई एक शब्द बोलून गप्प झाला होता आणि दादा मात्र दोन मिनिटं सांगतच होता. “त्यो तर येवढंसंच बोलला की रं,” सुमित म्हणाला. दादानं पडद्यावरची नजर काढली नाही. “इंग्रजीत थोडक्यात लई मावतं. तू म्होरं बघ.”

आणि सुमित पुढं बघत राहिला. सातव्या वेशीपाशी एक म्हातारा उभा असायचा. एक हात कमरेवर, मान जराशी डावीकडं. वडील, शंकरराव, उसाच्या ट्रॉलीवरून पडून गेले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. तेही असेच उभे राहायचे, कारण कंबर धरायची. पोरं शाळेतून येताना दिसली की बांधावर असेच उभे. म्हातारा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा दादा खुर्चीत पुढं सरकला. सुमितच्या हातातला रिमोट थांबला, पलीकडच्या खुर्चीवरचं पोरगं बटणं बडवत होतं त्याचाच काय तो आवाज. मग दादा म्हणाला, “ह्यो आबा हाय.” कुणाचा, म्हणून सुमितनं विचारलं. “मथूचा आन् लखूचा. पोरं चुकल्यात त्येची. सात येशी वलांडून आली की ह्योच घिऊन जाणार घरला.” त्या दिवसापासून सुमित त्या म्हाताऱ्याला भेटायला म्हणून खेळायचा, हे खरं. शत्रू मारण्यात त्याला गोडी नव्हती. सातव्या वेशीशी जाऊन तो मथूला नुसता उभा करून ठेवायचा. म्हातारा तीच तीच दोन वाक्यं बोलायचा आणि दादा दर खेपेला त्याचा नवा अर्थ सांगायचा. कधी आबा विचारायचे जेवलास का, कधी म्हणायचे आईला सांभाळा. आज दोनशे बाराव्या पानावर ती दोन वाक्यं सापडली होती. ‘वेस बंद आहे. परत जा.’ म्हातारा वेशीचा राखणदार होता. त्याला मूलबाळ नव्हतं. शत्रूशी त्यानं संधान बांधलं होतं, आणि मथूच्या हातूनच भावाचा काटा काढायचं त्याच्या मनात होतं.

सुमितला रडू आलं नाही, राग आला. लेखकाचा आला, त्याला काय घेणंदेणं होतं आमच्या आबांशी. मग दादाचा आला. तुला येत नव्हतं तर येत नाही म्हणायचं. कोण हसणार होतं, मी? मग तो रागही टिकला नाही, कारण त्याला दिसायला लागला सोळा वर्षांचा एक पोरगा, ज्याला पडद्यावरचं एक अक्षर कळत नाही, शेजारी धाकटा भाऊ तोंडाकडं बघत बसलाय, बाप जाऊन तीन वर्षं झालीत, आणि हा आपला बोलतोय, बोलतोय, अडखळतसुद्धा नाही. एवढं सगळं त्यानं आणलं कुठून? तास संपला की दादा घामानं निथळलेला असायचा. सुमितला वाटायचं, पार्लरमध्ये पंखा नाही म्हणून.

रविवारी सकाळी त्यानं दौंडहून शिरूरची एसटी धरली. खिडकीशी जागा मिळाली. शेवटची चाळीस पानं उरली होती आणि तो ती उघडत नव्हता. हे कोणाला पटायचं नाही, पण त्याला भीती वाटत होती. आबांचं एकवेळ ठीक होतं, पण शेवट त्याला दादाच्या तोंडून जसा ठाऊक होता तसाच हवा होता. लखू नदीत उडी टाकतो, पोहून पलीकडं जातो, आबा तिथं नाव घेऊन उभे असतात, आणि मथू वेस लावून मागनं येतो. तिघं घरी जातात. त्या शेवटाच्या दिवशी पार्लरमध्ये काय झालं ते त्याला लख्ख आठवत होतं. सातव्या वेशीचा दांडा मथूच्या हातात, समोर धुरळा उठलेला, शत्रू येतोय, आणि पडद्यावर एक बटण लुकलुकतंय. “दाब,” दादा म्हणाला. “लखू कुठंय?” “त्यो कवाच ग्येला पोहून. तू दाब. धरून ठेव.” सुमितनं बटण दाबलं आणि धरून ठेवलं. वेस हळूहळू लागायला लागली, आणि तेवढ्यात दादानं मागून त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला. कोथिंबिरीचा वास येणारा ओला तळवा. “डोळं मीट. आता पांढरा उजेड येतो, त्यानं नजर जाती.” सुमितनं डोळे मिटले, बटण मात्र सोडलं नाही. टीव्हीतून कोणीतरी ओरडलं. दादानं हात काढला तेव्हा पडदा खरंच पांढरा होता आणि नावं वर सरकत होती.

पुढं सगळं सरळ होत गेलं, सरळ म्हणजे सुमितचं. दादा सणसवाडीला एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये लागला, तिथंच एक खोली केली, बिहारच्या चार पोरांच्या शेजारी. तिथं तो हिंदी बोलायला शिकला आणि सुमितला त्यानं डिप्लोमाला घातलं. सुमितला इंग्रजी यायला लागलं, मोडकंतोडकं का होईना, डिक्शनरी घेऊन वाचण्याइतकं. रेल्वेचा कॉल आला तेव्हा ते इंग्रजी पत्र दादानं हातात घेतलं, वरखाली बघितलं आणि म्हणाला, “वाच की तूच, माझा चष्मा न्हाई.” चष्मा त्याला कधीच नव्हता. सुमित तेव्हा हसला होता. लग्न झाल्यावर वहिनीलाही सणसवाडीच्या त्या खोलीत दादानं सात येशी सांगितल्या म्हणे. कंपनीत पॅकिंगला जाणारी बाई ती, उभं राहून पाय सुजायचे, आणि हा तिचे पाय चेपता चेपता मथू आणि लखूचं सांगायचा. ही माणसं कुठली, कुठलं गाव, तिनं कधी विचारलं नाही. तिला वाटायचं, निमोण्याकडचीच असतील.

मग दोन वर्षांमागं दादाच्या किडन्या गेल्या. बीपीचं निमित्त झालं, कळायला उशीर झाला. निमोण्याला परत आले सगळे. आठवड्यातून दोनदा शिरूरला डायलिसिस, दंडावर गाठीगाठी झालेल्या, तोंडाला चव नाही. आईला साखर, वहिनीचा रक्तगट जुळेना. सुमितच्या तपासण्या पुण्यात झाल्या. रिपोर्ट दादाच्या पत्त्यावर गेला, पण डॉक्टरांनी सुमितला फोनवर आधीच सांगितलं होतं. जुळतंय. चांगलं जुळतंय. भावाभावांतही असं जुळणं म्हणजे नशीबच समजा. सुमितनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला, आणि त्या दिवसापासून त्याच्या अंगात भीती शिरली. नीलमला तेव्हा सातवा महिना होता. त्याची पायलटच्या बढतीची मेडिकल तोंडावर आली होती. एक किडनी काढलेल्या माणसाला इंजिनावर ठेवतात का? हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि लाजेची गोष्ट ही, की त्यानं ते कोणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणीतरी ठेवतात म्हणालं असतं, आणि मग काय केलं असतं? तो नाही कधीच म्हणाला नाही. तो म्हणाला, “दादा, दोन महिनं थांबू या का? मेडिकल झालं की करू.” “थांबू की,” दादा म्हणाला. “घाई कुणाला हाय? तू तुझं मेडिकल नीट कर. नीलमला जप.” त्यानंतर दादानं तो विषय काढला नाही. दर फोनला एवढंच विचारायचा, मेडिकल झालं का. आणि सुमितला बरं वाटायचं, सुटल्यासारखं वाटायचं, हे तो आता स्वतःपाशी कबूल करत होता. पाचव्या आठवड्यात दादाला ताप भरला, संसर्ग रक्तात गेला आणि तीन दिवसांत खेळ आटोपला. बढतीची मेडिकल त्याच्यापुढं बारा दिवसांनी होती. सुमित त्यात पास झाला.

आणि अंत्यविधीच्या दिवशी, बायांच्या घोळक्यात बसून वहिनी रडता रडता म्हणाली, “भावजींनी समद्या तपासण्या करून घेतल्या. त्येंची जुळली असती तर हे दिस आलंच नसतं. न्हाई जुळली, नशीब.” सुमित दारात उभा होता. त्याच्या तोंडाशी आलं की वहिनी, कोण म्हणालं असं? पण कोण म्हणालं असणार ते त्याला तत्क्षणी कळलं. रिपोर्ट इंग्रजीत होता आणि घरच्यांच्या लेखी इंग्रजी वाचणारा तिथं एकच माणूस होता, दादा. तो गप्प राहिला. वर्षभर गप्पच राहिला. वहिनीनं वाढलेलं जेवला, पोरीच्या बारशाला तिनं शिवलेली दुपटी घेतली, दिवाळीला तिनं ओवाळलं तेव्हा पाटावर बसला. दर वेळी ठरवायचा, आज सांगू. दर वेळी घास गिळायचा आणि म्हणायचा, आमटी छान झालीय वहिनी.

एसटी भीमेच्या पुलावर आली तेव्हा त्यानं पुस्तक उघडलं. चाळीस पानं त्यानं न्हावऱ्यापर्यंत वाचली, न कळलेले शब्द तसेच सोडून. सोडूनही सगळं कळलं. लखू पोहत नव्हता. लखूला पोहता येत नव्हतं, तसं दहाव्याच पानावर लिहिलेलं होतं आणि सुमित ते वाचून विसरला होता. लखू वेशीबाहेर होता, धावत येत होता, मथूला हाका मारत होता. म्हातारा मथूच्या कानाशी लागला की आता उघडी ठेवलीस तर सगळं शहर मरेल. तेही खोटंच होतं, लखूला आत घेण्याइतका वेळ होता. मथूला ते पुढं वीस वर्षांनी कळतं. पण त्या घटकेला मथूला मनातून तेच ऐकायचं होतं, असं लेखकानं लिहिलं होतं, सरळ, काही आडपडदा न ठेवता. मथूनं सगळा भार टाकून वेस लोटली. फटीतून एक हात आत आला. बोटं उघडली, मिटली. मथूनं भार काढला नाही. सुमित न्हावऱ्याला उतरला आणि स्टँडवर पाणी प्यायला. म्हणजे तो हात पडद्यावर आला होता. दादानं तो बघितला होता. एक अक्षर न कळता दादाला सगळं कळलं होतं, आणि म्हणून तळवा आडवा आला होता. बटण धरून ठेवणारं पोरगं मात्र सुमितच होता. तिथून वडापच्या जीपनं निमोण्याला जाईतो त्याच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

दारात मांडव होता. पांढऱ्या कपड्यातली माणसं, दादाचा फोटो, हार, मेणबत्त्या, उदबत्तीचा धूर. बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील दिलं. मग एकेक जण उठून दादाबद्दल चार शब्द बोलला. सणसवाडीचा एक बिहारी पोरगा उठला आणि म्हणाला, “रविभाई ने मेरे को मराठी सिखाया,” आणि खाली बसला. सुमितची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, दादानं मला शिकवलं. एवढंच. लोकांना वाटलं, गहिवरला. तो गहिवरला नव्हता, तो फोटोतल्या दादाकडं बघायचं टाळत होता. पंगती उठल्या, माणसं पांगली, भांडी घासायला गेली. दुपारी तीनच्या सुमाराला घरात तिघंच उरली. आई खाटेवर कलंडलेली, कानानं ती आता कमीच ऐकायची. राजश्रीवहिनी भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं पदरानं कपाळ पुसलं. “पुस्तक आणलंय न्हवं?” ती म्हणाली. “वाचा की मग. शेवटाचंच वाचा.”

“वहिनी, लई अवघड इंग्रजी हाय.”

“तुम्हाला काय अवघड?”

त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं. आईनं मान उचलली, म्हणाली, “सुम्या, जरा मोठ्यानं वाच.” त्यानं शेवटून सातआठ पानं मागं जाऊन पुस्तक उघडलं. समोर तेच पान आलं, फटीतल्या हाताच्या आधीचं. अक्षरं दिसत होती. त्यानं घसा साफ केला आणि वाचायला लागला. म्हणजे तोंड उघडलं, आणि त्यातून दादाचा शेवट बाहेर पडला. लखू नदीच्या काठाला आला. पाणी तुडुंब होतं. लखूनं सदरा काढला, डोक्याला गुंडाळला आणि उडी टाकली. हा सदरा कुठून आला, सुमितला कळलं नाही. दादानं सांगितलेला की आपण आत्ता घातला? पण तो थांबला नाही. पलीकडं आबा नाव घेऊन उभे होते, एक हात कमरेवर. मथूनं वेशीवरून बघितलं, लखू पार मधोमध गेला होता, हात मारत होता. मग मथूनं निवांत वेस लावली. तो बोलत राहिला आणि त्याला जाणवलं की पाठीवर घाम आलाय. पंखा चालू होता. दादाचा घाम कशाचा होता, ते त्याला कळलं. ओठ आपोआप हलत होते, आईचा चेहरा उजळला होता. लखू अजून पाण्यातच होता, कारण लखूला काठाला लावायचं सुमितच्या जिवावर आलं होतं. तो काठाला लागला की गोष्ट संपत होती.

“भावजी,” वहिनी म्हणाली, हळूच, आईला जाणार नाही इतक्या आवाजात. “तुम्ही मघापासनं पान उलटलं न्हाई.”

त्यानं पुस्तकाकडं बघितलं. पान तेच होतं.

“ह्येंनी बी उलटलं नव्हतं,” ती म्हणाली. ती त्याच्याकडं बघत नव्हती, उंबऱ्याकडं बघत होती. “पुण्याचा रिपोर्ट आला तवा, तुमचा फोन यून ग्येल्यावर. हितंच बसलं व्हतं, तुम्ही बसलाय तिथं. दोन पानं व्हती. पयल्या पानावर नुसती नावं. त्येच्यावर बोट ठिवून ह्येंनी समदं वाचून दावलं, सुमितची जुळत न्हाई, डाक्टर न्हाई म्हणत्यात. निकाल मागच्या पानावर व्हता. त्ये उलटलंच न्हाई.” तिनं पदर सारखा केला. “दुसऱ्या दिशी डायलिसिसला ग्येलो तवा मी त्यो सिस्टरला दावला.”

वर्षभर आपण हिच्यापासून काहीतरी लपवतोय असं सुमितला वाटत होतं, आणि ती वर्षभर वाढत होती, ओवाळत होती, दुपटी शिवत होती, सगळं ठाऊक असताना. अंत्यविधीला बायांच्या घोळक्यात जे बोलली तेही ठाऊक असताना बोलली. तो दारात उभा आहे हे बघून बोलली असेल का? “वहिनी,” तो म्हणाला. “मी न्हाई म्हणालो नव्हतो.”

“मला ठावं हाय. थांबू म्हणाला व्हता.” तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “ह्ये म्हणालं, त्येला काय बी इचारायचं न्हाई. मी इचारलं न्हाई. पर तुम्ही सांगशाल म्हणून वाट बगितली. वरीसभर बगितली भावजी.” बाहेर घासलेली भांडी कोणीतरी एकावर एक रचत होतं. मग तिनं पुस्तकाकडं मान हलवली. “उलटा आता. काय लिवलंय ते सांगा.”

त्यानं पान उलटलं. दोन पानं एकदम आली, ती त्यानं सुटी केली. मग त्यानं अक्षरावर बोट ठेवून, एकेक वाक्य इंग्रजीत मनात आणि मराठीत तोंडानं, खालच्या आवाजात तिला वाचून दाखवलं. लखूला पोहता येत नव्हतं. लखू बाहेर राहिला. वेळ होता. मथूनं वेस लावली. फटीतून हात आला होता. तो सगळं वाचेपर्यंत वहिनीनं उंबऱ्यावरची नजर काढली नाही. वाचून झाल्यावर त्यानं पुस्तक मिटलं नाही, मांडीवर तसंच धरून बसला. डोळ्यांतलं पाणी पानावर पडत होतं. ते त्यानं पुसलं नाही. तिनंही पुस म्हटलं नाही.

खाटेवरून आईनं कूस बदलली. “का रं थांबला, सुम्या?” तिनं विचारलं. “लखू पाण्यातच हाय व्हय अजून? पोचला का पल्याड?”

सुमितनं तोंड उघडलं. राजश्रीवहिनी गुडघ्यावर हात टेकून उठली, खाटेशी गेली, आईच्या अंगावरची चादर तिनं नीट केली.

“पोचला, आत्या,” ती मोठ्यानं म्हणाली. “आबा उभंच व्हतं की तिथं. तुम्ही डोळं मिटा जरा.”

आणि चहाचं आधण ठेवायला ती आत गेली.